सविनय रीस्टार्ट

वेब सर्व्हर म्हणजे मागणी येताच हवे ते पान पुढे करणारा आणि मागणी नसेल तेव्हा मुकाट्याने कान देऊन बसणारा प्रोग्राम, आणि कंट्रोल पॅनेल म्हणजे या प्रोग्रामवर हुकमत चालवता यावी म्हणून ब्राउझरमध्ये मांडलेला बटणांचा पसारा, अशी व्याख्या केली तर ती शास्त्रशुद्ध होते खरी. पण त्या पसाऱ्यातील बहुतेक बटणे काय करतात हे कोणालाच धड ठाऊक नसते आणि ‘रीस्टार्ट’ हे एक बटण काय करते याविषयी मात्र कोणाच्याच मनात शंका नसते, हा या विषयातला मूळ पेच तिच्यात येत नाही. बिघडलेली वस्तू बंद करून पुन्हा चालू केली की बहुधा सुधारते, हा सिद्धान्त सर्वमान्य आहे. चालू असलेली वस्तू बंद केली तर ती पुन्हा चालू होईलच असे नाही, हा त्याचा उत्तरार्ध मात्र ज्याने त्याने स्वखर्चाने शिकायचा असतो, आणि प्रस्तुत विवेचनाचा रोख या उत्तरार्धाकडे आहे.

पॅनेल नव्हते तेव्हा सर्व्हर सांभाळणारा माणूस काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करीत असे, आणि आज्ञेचे स्पेलिंग चुकले तर बहुधा काहीच घडत नसे, ही त्या पद्धतीतील सर्वांत मोठी सुरक्षा होती. १९९०च्या दशकाच्या मध्यास साइटसाठी जागा भाड्याने देण्याचा, म्हणजे होस्टिंगचा, धंदा वाढू लागला, एकेका यंत्रावर शेकडो साइट नांदू लागल्या आणि त्या सगळ्यांसाठी आज्ञा टाइप करणारी माणसे पुरेनाशी झाली. तेव्हा अमेरिकेत जॉन निक कोस्टन यांनी १९९६मध्ये सीपॅनेल लिहिले, १९९७मध्ये जेमी कॅमेरॉन यांचे वेबमिन आले, पुढे प्लेस्क आले, आणि स्पेलिंगचा अडसर कायमचा दूर झाला.

सीपॅनेलच्या कर्त्यांनी एक शहाणपण दाखवले, ते असे की साइटच्या मालकाला दिसणारे पॅनेल निराळे ठेवले आणि यंत्राच्या मालकाला दिसणारे, डब्ल्यूएचएम नावाचे, निराळे. साइटच्या मालकाला ईमेलची खाती, फाइली, डेटाबेस असे सगळे काही उलटेपालटे करता येते, पण वेब सर्व्हर रीस्टार्ट करण्याचे बटण त्याला दिसतच नाही, कारण ते दाबल्यास त्याच यंत्रावरच्या इतर सगळ्या साइटही त्याच्याबरोबर उठवल्या जातील. या दोन मालकांच्या मध्ये रीसेलर, म्हणजे घाऊक जागा घेऊन किरकोळीने विकणारा व्यावसायिक, उभा असतो. पुण्या-कोल्हापुरातील शिकवणी वर्ग, पतसंस्था आणि गणेश मंडळे यांच्या कितीतरी साइट अशाच कोणाच्या तरी भरवशावर चालतात. सर्व्हरचे ते बटण रीसेलरच्या हातीही सहसा नसते. परंतु ही बाब ग्राहकाला सांगण्याची प्रथा नाही, त्यामुळे फोन येताच ‘रीस्टार्ट मारतो, पाच मिनिटं द्या’ असे आश्वासन देऊन तो वरच्या कंपनीकडे तक्रारीचे तिकीट टाकतो. पाच मिनिटांत साइट सुरू झाली तर ते त्याचे कर्तृत्व ठरते, आणि न झाल्यास वरच्या कंपनीचा हलगर्जीपणा.

पॅनेलच्या रचनेत आणखी एक मुद्दा ध्यानात घेण्याजोगा आहे. पोर्ट म्हणजे एकाच यंत्रावरील निरनिराळ्या प्रोग्रामांपर्यंत मागणी पोचावी म्हणून ठरलेला क्रमांक; सामान्य साइट ८० आणि ४४३ या पोर्टांवर चालतात, तर सीपॅनेल २०८३वर, डब्ल्यूएचएम २०८७वर, प्लेस्क ८४४३वर आणि वेबमिन १००००वर ऐकते, आणि ही सगळी पॅनेले आपापला स्वतंत्र छोटा वेब सर्व्हर बाळगून असतात, जेणेकरून मुख्य सर्व्हर कोसळला तरी त्याला उठवण्याचे बटण शाबूत राहावे. ही योजना उत्तम आहे. तिचा दुष्परिणाम एवढाच की, साइट ठार बंद असतानाही पॅनेल टवटवीत दिसते, आणि त्यातील सेवांच्या यादीत अपाचे या वेब सर्व्हरसमोर हिरवी खूण झळकत असते. त्या खुणेचा अर्थ प्रोग्राम जिवंत आहे एवढाच असतो. तो कामाचे काही करीत आहे की येणाऱ्या प्रत्येकाला ५०० क्रमांकाची चूक देऊन परत धाडीत आहे, याची चौकशी खूण करीत नाही. जिवंत असणे आणि कामाचे असणे यांतील फरक कित्येक आस्थापनांनाही करता येत नाही, पण तो येथील विषय नव्हे.

सुरक्षित रीस्टार्टची पहिली पायरी म्हणजे रीस्टार्टची गरज आहे काय हे पाहणे, आणि नेमकी हीच पायरी ओलांडून पुढे जाण्याची रीत आहे. अपाचेमध्ये डॉट-एचटीअ‍ॅक्सेस नावाची जी फाइल प्रत्येक फोल्डरमध्ये ठेवता येते, ती प्रत्येक मागणीच्या वेळी नव्याने वाचली जाते, त्यामुळे तिच्यात बदल केल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करण्याने काडीचाही फरक पडत नाही. तरीही तो केला जातो, बदल दिसू लागतो, आणि कार्यकारणभाव प्रस्थापित होतो. साइटच्या नावाचा पत्ता नुकताच बदलला असेल, तर जगभरच्या यंत्रांनी लक्षात ठेवलेला जुना पत्ता विसरला जाईपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसते. तेथेही रीस्टार्ट होतोच. थांबणे हा उपाय आहे हे ग्राहकाला पटत नाही, आणि थांबण्याचे बटण कोणत्याही पॅनेलवर नाही.

गरज खरोखरच असते तेव्हाचा प्रकार वेगळा. साइटच्या सुरक्षिततेचे सर्टिफिकेट नवे आले, लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थेचे असेल तर ते फार तर ९० दिवसांचे असते, आणि नवी फाइल डिस्कवर येऊन पडली, तरी सर्व्हर स्मरणात ठेवलेले जुनेच सर्टिफिकेट दाखवीत राहतो; त्याला ‘पुन्हा वाच’ असे कोणीतरी सांगावे लागते. डिस्क भरली म्हणून कोणी अवाढव्य लॉग फाइल, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उडवली, तर ती उघडून बसलेला सर्व्हर तिला सोडीत नाही आणि नावापुरती नाहीशी झालेली ती फाइल जागा अडवून बसते. एप्रिल २०१४मध्ये हार्टब्लीड हा ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीतील, माहिती गळू देणारा दोष उघडकीस आला, तेव्हा तत्परतेने नवी लायब्ररी बसवून जे निर्धास्त झोपले आणि ज्यांनी सर्व्हर रीस्टार्ट केला नाही, त्यांचे सर्व्हर स्मृतीतील जुन्याच लायब्ररीच्या आधारे पूर्ववत गळत राहिले.

आता बटण दाबल्यावर काय घडते ते पाहू. लिनक्समध्ये चालू प्रोग्रामला निरोप धाडण्याच्या आज्ञेचे नावच ‘किल’ असे आहे, मग निरोप कितीही प्रेमाचा असो. या निरोपांना सिग्नल म्हणतात. ९ क्रमांकाचा सिगकिल कोणत्याही प्रोग्रामला अडवता वा टाळता येत नाही, १५ क्रमांकाचा सिगटर्म ही आवराआवर करून निघण्याची सूचना असते, आणि १ क्रमांकाचा सिगहप हा मुळात समोरच्याने टेलिफोनची लाइन ठेवून दिल्याची वर्दी देणारा सिग्नल, पण सर्व्हरला टेलिफोनच नसल्यामुळे ‘कॉन्फिग फाइल, म्हणजे सर्व्हरने कसे वागावे हे लिहिलेली फाइल, पुन्हा वाच’ या अर्थी वापरात आला. निरुपयोगी वस्तू टाकून न देता तिला दुसरे काम लावण्याची ही काटकसर अपाचेने आणखी पुढे नेली. टर्मिनलच्या खिडकीचा आकार बदलल्याचे कळवणारा सिगविंच हा सिग्नल सर्व्हरच्या काय कामाचा, असा विचार करून तो ‘हातातले काम संपवून शांतपणे बंद हो’ या अर्थी नेमला गेला. परिणामी चाचणीसाठी कोणी अपाचे टर्मिनलच्या खिडकीत समोरच चालवला आणि ओळी नीट दिसाव्यात म्हणून खिडकीचा कोपरा धरून जरा ओढला, की सर्व्हर विनातक्रार निवृत्त होतो. या घटनेचे कारण शोधण्यात ज्यांच्या संध्याकाळी गेल्या, त्यांच्याविषयी सहानुभूती बाळगणे एवढेच शास्त्राच्या हाती आहे.

अपाचेमध्ये एक पेरेंट प्रोसेस असते आणि तिच्या हाताखाली अनेक चाइल्ड प्रोसेस प्रत्यक्ष पाने वाढण्याचे काम करतात. साध्या रीस्टार्टमध्ये पेरेंट आपल्या सर्व अपत्यांना तत्काळ संपवते, कॉन्फिग पुन्हा वाचते आणि नवी अपत्ये उभी करते. त्या क्षणी अर्धे पान पोचलेल्या वाचकाचे काय झाले, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. याउलट ‘ग्रेसफुल’, म्हणजे सविनय, रीस्टार्टचा शिष्टाचार पंगतीचा आहे: बेत बदलला म्हणून जेवणाऱ्यांची पाने ओढायची नाहीत, बसलेल्यांना जुन्याच बेताप्रमाणे ताकभातापर्यंत वाढायचे, नव्याने येणाऱ्यांना नवा बेत वाढायचा, आणि जुना माणूस उठला की तेवढीच जागा झाडून घ्यायची. या पद्धतीत काही काळ एकाच छपराखाली एकाला श्रीखंड आणि दुसऱ्याला बासुंदी मिळते आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. अपाचेच्या स्थितिदर्शक पानावर अशा जेवत्या प्रोसेससमोर ‘जी’ हे इंग्रजी अक्षर दिसते, आणि ती सगळी अक्षरे नाहीशी होईपर्यंत रीस्टार्ट पूर्ण झाला असे जाणकार म्हणत नाहीत.

पंगतीची अडचण म्हणजे न उठणारा पाहुणा. क्रिकेटचा धावता धावफलक किंवा गप्पांची खिडकी यांसाठी ब्राउझर सर्व्हरशी जो सततचा संबंध जोडून ठेवतो, तो तासन्‌तास सुटत नाही. इगोर सिसोयेव यांनी २००४मध्ये जगापुढे ठेवलेल्या एन्जिन-एक्स या सर्व्हरात अशा वेळी जुने वर्कर, म्हणजे तेथील चाइल्ड प्रोसेस, ‘बंद होत आहे’ असा फलक लावून मुक्कामास राहतात, आणि कोणी एकाच दुपारी दहा वेळा कॉन्फिग बदलली तर दहा पिढ्या एकाच वेळी मेमरी खात बसलेल्या आढळतात. २०१७मध्ये या वर्करांना मुदत घालून देण्याची सोय करण्यात आली. सौजन्याला मुदत असावी हे समजायला तेरा वर्षे लागली, यावरून त्या प्रोग्रामचे संस्कार लक्षात यावेत. सौजन्य सर्वत्र सारखे झिरपत नाही हेही नोंदवले पाहिजे. पीएचपी भाषेतील पाने तयार करणारा पीएचपी-एफपीएम हा निराळा प्रोग्राम असतो, आणि चालू काम संपवण्यासाठी तो आपल्या अपत्यांना जो अवधी देतो त्याची मूळ किंमत शून्य सेकंद आहे. त्यामुळे पुढचा सर्व्हर वाचकाशी कितीही अदबीने वागला, तरी आतल्या प्रोग्रामला रीलोड, म्हणजे कॉन्फिग पुन्हा वाच, म्हणताच तो चालू काम हातातून टाकतो आणि वाचकाला ५०२ क्रमांकाची चूक दिसते.

कॉन्फिग फाइलची चाचणी ही सुरक्षित रीस्टार्टची दुसरी पायरी, आणि विनोद वजा केला तर हीच सर्वांत महत्त्वाची. अपाचेला ‘कॉन्फिगटेस्ट’ अशी आज्ञा दिली की तो चालू कामाला धक्का न लावता फाइल वाचून पाहतो आणि चूक नसेल तर ‘सिंटॅक्स ओके’ असे उत्तर देतो. ही चाचणी न करता थेट सिग्नल धाडला आणि फाइलमध्ये एक कंस जरी अधिकउणा निघाला, तर पेरेंट प्रोसेस चूक नोंदवून स्वतःच बाहेर पडते. सविनय प्रकारात तर ती अखेरची पाने वाढणाऱ्या अपत्यांना मागे ठेवून जाते, आणि ती अपत्ये पोर्ट अडवून बसल्यामुळे सर्व्हर पुन्हा सुरू करू गेल्यास ‘पत्ता आधीच वापरात आहे’ असे उत्तर मिळते. अपाचेची ‘अपाचेसीटीएल’ ही आज्ञा सविनय रीस्टार्टपूर्वी ही चाचणी आपण होऊन करते. आळशी माणसाच्या हातून जगाचे होणारे नुकसान बऱ्याच अंशी अशाच चार-दोन ओळींनी रोखून धरले आहे.

चाचणीचे उत्तर वाचण्यातही कसब आहे. सर्व्हरचे पूर्ण नाव खात्रीने ठरवता आले नाही, अशी एएच००५५८ क्रमांकाची सूचना अपाचे असंख्य यंत्रांवर प्रत्येक वेळी देतो. सगळ्या जगाला पत्ते दाखवणाऱ्या या प्रोग्रामला स्वतःचे नाव सांगता येत नाही, हे त्याने प्रांजळपणे कबूल केलेले असते. सूचना निरुपद्रवी असल्याने ती वगळून वाचण्याची सवय नजरेला लागते, आणि मग तिच्याखाली एखादी उपद्रवी सूचना आली तर तीही त्याच सवयीने वगळली जाते. शिवाय वाक्यरचना शुद्ध असणे म्हणजे अर्थ बरोबर असणे नव्हे. एका साइटच्या नावापुढे दुसऱ्याच साइटचा फोल्डर लिहिला तर व्याकरण निर्दोष राहते आणि पतसंस्थेच्या पत्त्यावर नृत्यवर्गाची छायाचित्रे दिसू लागतात. पॅनेल असलेल्या यंत्रावर आणखी एक सापळा असतो: सीपॅनेल अपाचेची मुख्य कॉन्फिग फाइल साच्यांवरून स्वतः रचते, हाताने केलेले बदल पुढच्या रचनेत पुसले जातील असा इशारा त्या फाइलच्या डोक्यावरच लिहिलेला असतो, आणि बदल करणारा मधल्या भागाकडे धाव घेत असल्याने डोक्यावरचा मजकूर वाचणारे थोडे.

धावत्या सर्व्हरच्या स्मृतीतील कॉन्फिग आणि डिस्कवरील कॉन्फिग या एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या होत, आणि त्यांच्यात पाठभेद असू शकतो. कोणी मार्चमध्ये फाइल बिघडवली आणि रीलोड न करता घरी गेला, तर सर्व्हर शुद्ध पाठानुसार महिनोन्‌महिने निर्वेधपणे चालतो. सप्टेंबरात वीज गेली किंवा अन्य कारणाने अख्खे यंत्र रीबूट झाले, की अशुद्ध पाठ अमलात येतो, सर्व्हर उठत नाही, आणि दोष वीज मंडळाला दिला जातो. म्हणून वेब सर्व्हरची सेवा रीस्टार्ट करणे आणि यंत्र रीबूट करणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर मानले पाहिजे, जरी पॅनेलवर ते अंतर दोन क्लिकचे असले तरी. डब्ल्यूएचएममध्ये रीबूटचेही सविनय आणि सक्तीचा असे दोन प्रकार आहेत आणि ते एकाखाली एक दिलेले आहेत. घाईत असलेला माणूस कोणता निवडतो, हे मानसशास्त्राच्या अभ्यासकांवर सोपवावे. जुन्या ईएक्सटी३ पद्धतीच्या डिस्कवर तर मागील तपासणीला १८० दिवस उलटून गेले असतील तर रीबूटच्या वेळी संपूर्ण डिस्कची तपासणी सुरू होत असे, आणि वर्षभर एकदाही यंत्र बंद न ठेवल्याचा अभिमान बाळगणाऱ्याला त्या अभिमानाची किंमत काळ्या पडद्यावरची टक्केवारी पाहत चुकवावी लागे.

हा अभिमान जुना आहे. जगातील पहिला वेब सर्व्हर १९९०मध्ये सर्न येथे टिम बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट संगणकावर चालला, आणि त्या काळ्या पेटीवर हे यंत्र सर्व्हर असून ते बंद करू नये अशी सूचना तांबड्या शाईने हाताने लिहून चिकटवलेली होती; तिला पहिले कंट्रोल पॅनेल म्हणण्यास हरकत नाही, कारण त्यावर एकही बटण नव्हते. पुढे यंत्र किती दिवस अखंड चालू आहे हे सांगणाऱ्या ‘अपटाइम’ या आकड्याची चढाओढ लागली. जुन्या ३२ बिटांच्या लिनक्समध्ये हा आकडा ४९७ दिवसांनंतर पुन्हा शून्यावर येत असे, कारण सेकंदाच्या शंभराव्या भागांची मोजणी तेवढ्यात संपे, आणि सोळा महिन्यांची तपश्चर्या एका क्षणात शून्यावर आलेली पाहणाऱ्यांना मोजमापाची मर्यादा समजावून सांगणे सोपे नसे. अशाच प्रकारच्या मोजणीचा धोका विमानांतही निघाला: बोइंग ७८७ची जनरेटर नियंत्रक यंत्रणा सलग २४८ दिवस चालू राहिल्यास वीजपुरवठा तुटू शकतो असे आढळल्यावर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१५मध्ये ती ठरावीक मुदतीत बंद करून पुन्हा चालू करण्याचा आदेश काढला. बंद करून चालू करण्याला एवढी प्रतिष्ठा क्वचितच लाभली असेल. बेल लॅब्सच्या संशोधकांनी तर १९९५मध्येच, सॉफ्टवेअर म्हातारे होते म्हणून त्याचा अधूनमधून कायाकल्प करावा, असे शोधनिबंधात मांडले होते. अपाचेतही प्रत्येक चाइल्ड प्रोसेसने किती जणांना वाढल्यावर निवृत्त व्हावे याचा आकडा ठरवता येतो, मात्र मूळचा आकडा शून्य असून त्याचा अर्थ ‘कधीच नाही’ असा आहे.

रीस्टार्ट केव्हा करावा याचे शास्त्रोक्त उत्तर ‘वर्दळ कमी असेल तेव्हा’ असे आहे, आणि वर्दळ कोणाची, हा त्यातील उपप्रश्न. भारतातील कितीतरी स्वस्त साइट अमेरिकेतील यंत्रांवर असतात. टेक्सासमधील यंत्राच्या मालकाने सर्वांची सोय पाहून उन्हाळ्यात रात्री २ वाजताचा मुहूर्त धरला, तर भारतात तेव्हा दुपारचे १२:३० झालेले असतात, आणि तो दिवस मे महिन्यातील दहावीच्या निकालाचा निघाल्यास, दुपारी १ वाजता आपल्या वर्गाच्या गुणवंतांची यादी झळकवण्यासाठी सज्ज बसलेल्या शिकवणीचालकाला त्या मध्यरात्रीच्या विचारीपणाचे कौतुक वाटत नाही.

कित्येक पॅनेले स्वतःच पहारा ठेवतात. सीपॅनेलचा पहारेकरी दर काही मिनिटांनी प्रत्येक सेवेला हाक मारून पाहतो, उत्तर न आल्यास ती आपण होऊन रीस्टार्ट करतो, आणि आधी सेवा पडल्याची व मग ती सावरल्याची ईमेल धाडतो. ईमेलची सेवाच पडलेली असेल तर पडल्याची बातमीही ती सावरल्यावरच, म्हणजे सावरल्याच्या बातमीसोबत, पोचते, आणि प्रशासकाला एकाच वेळी दुःख व सुटका अनुभवता येते. मोठी गंमत माणूस आणि पहारेकरी एकाच वेळी धावून येतात तेव्हा होते: पहारेकऱ्याने सुरू केलेला सर्व्हर उभा राहत असतानाच माणूस बटण दाबतो, सर्व्हर पुन्हा बसतो, पहारेकऱ्याला तो पुन्हा पडलेला दिसतो, आणि परस्परांची मदत थांबेपर्यंत साइट सुरू होत नाही.

अखेरीस ती होते. तरीही ग्राहकाला जुनेच चुकीचे पान दिसते, कारण ते त्याच्या ब्राउझरच्या कॅशेमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा मागवावे लागू नये म्हणून जपून ठेवलेल्या प्रतींत, पडून असते. प्रशासक फोनवर रिफ्रेश करायला सांगतो, ग्राहक त्याऐवजी लॅपटॉप रीस्टार्ट करतो, मग राउटर बंद करून चालू करतो, आणि शेवटी भाच्याला बोलावतो, जो मोबाइल विमान-अवस्थेत टाकून परत काढतो. एवढ्यात जपलेल्या प्रतीची मुदत संपते आणि नवे पान उघडते. ग्राहक राउटरला श्रेय देतो, भाचा मोबाइलला आणि रीसेलर स्वतःला. ‘समस्या सोडवली, कारण: तांत्रिक’ अशी नोंद करून वरची कंपनी तिकीट बंद करते, आणि खरे कारण ज्या लॉगमध्ये लिहिलेले असते तो डिस्कवर जागा हवी म्हणून मघाशीच उडवलेला असतो. महिनाअखेरीस बिल मात्र रीसेलरच पाठवतो.